आगरी आज्यांचेही पुतळे व्हायची वाट बघायची का?

मंडळी, सुट्टीत मुलांना कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचं ग्रामजीवन संग्रहालय दाखवून आणलं. सिमेंटचे पुतळे इतके हुबेहूब, की लेकीने कुंभारकाकांना हाकच मारली! "बाबा, हे बोलत का नाहीत?" यावर मी गप्प.

डोंबिवलीत परतल्यावर वाटलं, आपल्याकडे बोलणारी माणसं आहेत की अजून. ती २७ गावं १९८३ ला पालिकेत घेतली, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला पुन्हा आत. या खो-खोत भाताच्या खाचरांवर टॉवर चढले. पण राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं हाताने केलेल्या आज्या गावात आहेत. लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारीणी आहेत. अजून किती वर्षं?

माझं म्हणणं साधं आहे. ओटी-माजघराचं एक जुनं घर नि चार गुंठे भात राखा, आणि कॉलेजच्या पोरांना चालवायला द्या. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास द्यायचेच असतात. बरेच तास रॅली नि झाडू हातात धरलेल्या फोटोंत जातात (सगळ्यांचे नाही, मान्य). त्यातले थोडे आजीकडून लावणी शिकण्यात घालवा ना! चिखलात पोरांनीच उतरायचं, शाळेची सहल आली की चिमुरड्यांना जात्यावर पोरांनीच बसवायचं.

"जागेचा भाव माहितीये का?" माहितीये हो. म्हणूनच उद्यानासाठी आरक्षित एखादा भूखंड मागतोय.

पाडायला निघालेलं असं घर कुणाला माहीत असेल तर खाली गावाचं नाव टाका. रविवारी बघून येऊ.