शाहीर हा कवी नव्हे काय?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तयारीत मी पोवाडा म्हणतो असे सुचवले. एक मित्र हसून म्हणाला, "पोवाडा शिवजयंतीला ठेव, इथे कविता हवी." मी गप्प बसलो.

इंदापूर तालुक्यातून रोज एस.टी.ने बारामतीला येणारा मी, घरातला पहिलाच कॉलेजकुमार. त्या हसण्याने मला शाहीर अमर शेख आठवले. कारण २९ ऑगस्ट १९६९ रोजी त्यांना अपघाती मृत्यू आला तो आमच्या इंदापूरजवळच. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

मूळ नाव महबूब हुसेन पटेल. जन्म १९१६ चा, बार्शीचा. घरी दारिद्र्य; पण गाणे मिळाले ते आई मुनेरबीकडून. पोटासाठी त्यांनी मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत राबले. कामगारांच्या लढ्यात पडले आणि विसापूरचा तुरुंगही पाहिला. पुढे अण्णा भाऊ साठे व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकातून त्यांनी महाराष्ट्र जागा केला. १ मे १९६० रोजी राज्य झाले, त्यात त्यांच्या डफाचाही वाटा आहे. आचार्य अत्र्यांनी त्यांना 'महाराष्ट्राचा मायकोव्हस्की' म्हटले. मायकोव्हस्की म्हणजे रशियन क्रांतीचा कवी.

काही जण म्हणतात, शाहिरी प्रचारी असते, प्रसंग सरला की विरते. काही गाणी विरली असतील, हे मी मान्य करतो. पण ज्या कामगाराला अक्षर येत नव्हते, त्याच्यापर्यंत कोणता काव्यसंग्रह पोहोचला असता? गळ्यासाठी रचलेले गाणे नुसते कागदावर तोलणे न्यायाचे नाही. शिवाय 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे त्यांचे काव्यसंग्रह आहेतच. ते तरी आपण कुठे उघडतो?

आता माझी चूक सांगतो. माझी आई खुरपताना ओव्या म्हणते. एकदा कॉलेजचे मित्र शेतावर आले, तेव्हा मी तिला हळूच गप्प राहायला सांगितले. ती गप्प राहिली. मुनेरबीच्या मुलाने असे केले असते, तर महाराष्ट्र एका शाहिराला मुकला असता.

मित्रहो, प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या २९ ऑगस्टला कॉलेजात अमर शेखांचा कार्यक्रम करावा, आणि प्रत्येकाने घरातून एक गाणे लिहून आणावे. माझ्या आईला मी आधीच विचारले आहे. ती म्हणाली, "लिहून घेण्यासारखं काय हाय त्यात?"

हाच समज आपल्याला खोडून काढायचा आहे.