माशी पावसातून येत नाही

वळवाची पहिली सर आली की कोकणात एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘आता आंब्यात किडे पडणार.’ माणसं एवढ्यावर थांबली असती तर प्रश्न नव्हता. पण बागायतीत केस पांढरे झालेल्या एका गृहस्थांनी यंदा त्याचा सिद्धान्तच करून टाकला आहे. फळमाशी पावसाबरोबर येते, तिला इलाज नाही. पावसाआधी निघेल तेवढा आंबा काढावा, उरलेल्यावर फवारा मारावा आणि सापळ्यांच्या नादी लागू नये, कारण सापळा शेजारच्या माश्याही आपल्या बागेत ओढून आणतो. या गृहस्थांच्या शब्दाला गावात वजन आहे, म्हणूनच तो खोडून काढणं भाग आहे.

पाऊस माशीला जन्म देत नाही. ती आधीपासून बागेतच असते. दमट हवा तिला मानवते आणि नेमकी तेव्हाच पिकायला आलेली फळं झाडावर राहिलेली असतात. मादी सालीखाली अंडी घालते. वरून टाचणीच्या टोकाएवढा डाग दिसतो, कधी त्यावर चिकाचा थेंब. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात, फळ गळतं. मग अळ्या फळातून बाहेर पडून मातीत शिरतात आणि काही सेंटिमीटर खोलीवर कोषात जातात. त्यातून पुढची माशी निघते. हे सगळं उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांत उरकतं. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या गळीकडे दुर्लक्ष झालं, तिचीच माशी मेअखेर फळाला डसते आणि बोल मात्र पावसाला लागतो.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात कलमाखाली उभं राहून पाहावं. पानांच्या पाचोळ्यात पडलेला एखादा हापूस उचलला तर एका अंगाला बोट आत जातं. फोडला की आंबूस वास आणि मळकट पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या. त्यातली एखादी तळहातावर घेतली तर अंगाची कमान करून टुणकन उडी मारते. अशा एका फळात डझनावारी अळ्या असतात. बागेत मात्र होतं काय? बरी फळं कॅनिंगला जातात आणि नासकी पायाने सारून गडग्याकडेला ढकलली जातात. काही बागांत तर तीही तसदी कुणी घेत नाही. आंब्याच्या पेट्या भरण्यासाठी माणसं मिळतात, गळ वेचायला मिळत नाहीत. मग तेच मालक दुकानात जाऊन औषधाची बाटली आणतात. ते औषध फळाच्या आतल्या अळीपर्यंत पोचत नाही, मातीतल्या कोषापर्यंतही नाही. ते लागतं फक्त उडत्या माशीला, आणि काढणीच्या तोंडावर मारलं तर घरोघरी खाल्ल्या जाणाऱ्या फळाला. वर्षानुवर्षं कलमाखाली माशीची पैदास करायची आणि दर मेमध्ये तिच्यावर पैसे ओतायचे, याला बागायतीचा अनुभव म्हणता येणार नाही.

साक्याच्या बाबतीतही अशीच गल्लत जुनी आहे. साका म्हणजे गरातला पांढरट, आंबट, भुसभुशीत भाग. त्यात अळी नसते, तो किडीचा उपद्रवच नव्हे. तरी गिऱ्हाईक साक्याला किडका आंबा म्हणतं आणि विकणारा कधी कधी किडक्यालाच साका म्हणून वेळ मारून नेतो. दोन्हींची कारणं निराळी, तेव्हा इलाजही निराळे.

पावसाआधी काढणी करावी हे खरं, पण चौदा आणे तयार झालेल्या फळाची. कोवळा आंबा पेटीत भरून माशी टाळण्यात काय मिळवलं?

आता सापळा. त्यातल्या मिथिल युजेनॉलकडे नर येतात, अंडी घालणारी मादी नव्हे. शेजारचे नर येऊन मेले तर तो फायदाच आहे. मात्र एकट्यादुकट्या बागेतला सापळा अपुरा पडतो, हे मान्य करायला हवं. उरलेला एक नरही अनेक माद्यांना पुरतो. म्हणून हे काम सगळ्यांनी मिळून करायचं. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर 1960च्या दशकात याच द्रव्याला कीटकनाशकाची जोड देऊन ही माशी संपवण्यात आली. जपानने 1986पर्यंत ओकिनावासकट आपली नैर्ऋत्येकडची बेटं तिच्यापासून मुक्त केली. पाऊस तिथेही पडतो.

उपेक्षेची किंमत कोकणाने मोजलेली आहे. 1 मे 2014पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला, तो फळमाशीमुळे. पुढच्या वर्षी दार उघडलं, पण फळावर उष्ण प्रक्रिया करण्याची अट आली. ती प्रक्रिया अळी मारते, बाग स्वच्छ करत नाही.

करायचं ते अवघड नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा आहे. वाडीतल्या सगळ्यांनी फळं तयार होण्याआधी एकाच वेळी सापळे लावावेत. परसातला पेरू आणि रस्त्याकडेचा रायवळ विसरू नये, माशी तिथेही वाढते. गळ रोज वेचावी आणि खोल पुरावी. जांभ्यात खड्डा खणणं जिवावर येत असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून उन्हात टाकावी, अळ्या आतच मरतात. सकाळचा तासभर आणि दोन पिशव्या, एवढाच हा खर्च. यंदाची गळ अजून कलमांखाली पडून आहे.