आमच्याही तासांचा हिशोब मांडा

क्रेडिट या शब्दाला आपल्या वस्तीत आजवर एकच अर्थ होता. वाण्याच्या वहीतली उधारी. आता दिल्लीनं दुसरा काढलाय. शाळेत असतानाच पोरानं वरच्या शिक्षणाचं क्रेडिट कमवायचं, बँकेत टाकायचं आणि कॉलेजात गेल्यावर वटवायचं. सरकारी मराठीत त्याला श्रेयांक म्हणतात. २०२० चं नवं शैक्षणिक धोरण, २०२१ साली यूजीसीनं काढलेले श्रेयांक बँकेचे नियम, २०२३ चा राष्ट्रीय श्रेयांक आराखडा, अशी ही वरात आलीय. पाचवीपासून पीएच.डी.पर्यंत सगळ्याला एकच माप. तीस तासांचं शिकणं म्हणजे एक क्रेडिट. वर्षाचे बाराशे तास, चाळीस क्रेडिट. त्यावर जादा शिकलात तर जादा जमा.

ऐकायला झकास. पण बँकेत टाकायला आधी गाठीला काही लागतं.

माजिवडा नाक्यावर उभे राहा. एकीकडे घोडबंदर रोडचे टॉवर, दुसरीकडे आपल्या खोल्या, मधे मेट्रोचे खांब. टॉवरमधल्या पोराला दिल्लीच्या बँकेची गरजच नाही. तो परदेशी बोर्डाच्या शाळेत जातो. तिथं अमेरिकन एपीचे नाहीतर केंब्रिजचे ए-लेव्हलचे पेपर देतो आणि तिकडच्या बऱ्याच कॉलेजांत पहिल्या वर्षाचे विषय माफ करून घेतो. एपीच्या एका पेपरची फी शंभर डॉलरच्या वर. अमेरिकेत हे १९५० च्या दशकापासून चालू आहे. हायस्कूलच्या पोरानं शेजारच्या कम्युनिटी कॉलेजात जाऊन तास करायचे, हीही सोय तिथं आहे. आणि तिथंही काळ्या पोरांच्या वाट्याला हे वर्ग कमीच येतात. रंग बदलतो, रांग तीच.

तसं पाहिलं तर हायस्कूल आणि कॉलेज एकदम करणारा पोरगा आपल्याकडे आधीपासून आहे. एटीकेटीवाला! दहावीला गणित-विज्ञान राहिलं, तरी अकरावीत बसला. सकाळी ज्युनिअर कॉलेज, रात्री दहावीचं गणित. त्याला कुणी हुशार म्हणत नाही. कॉलेजात मागच्या बाकावर बसवतात.

आणि गरिबाची एक जुनी वाटही आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आयटीआय केलं तर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. पहिलं वर्ष माफ, म्हणजे क्रेडिटच की! आपली कितीतरी पोरं याच जिन्यानं वर गेली. तेव्हा कुणी त्याचे ढोल वाजवले नाहीत.

आता पैशाचं बघा. भारत सरकारची शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. तिचं नावच मॅट्रिकोत्तर. म्हणजे दहावी पास झाल्यावर. नववी-दहावीला जी मिळते ती वह्या-पुस्तकांपुरती. मग कॉलेजचा अभ्यास शाळेत खाली आणला, तर त्याची फी, मोबाईल, नेट, परीक्षेचे पैसे कोण भरणार? क्रेडिट खाली सरकलं आणि शिष्यवृत्ती वरच राहिली. मधल्या खड्ड्यात कुणाची पोरं पडणार हे सांगायला कमिशन नको.

जोतीबांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं हेच मांडलं होतं. सारा राबणाऱ्यांचा, शिक्षण वरच्यांचं.

बँकेचा आणखी एक नियम वाचा. क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं. मग बुडालं. सात वर्षं कुणाला पुरतात? ज्याला मधे घर चालवावं लागत नाही त्याला. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. लंडन विद्यापीठानं त्यांना चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी हात दिला, आणि १९२० साली गडी परत लंडनला. १९२३ ला डी.एस्सी. मुदतीत पोचले म्हणून. पण ते बाबासाहेब होते! माझ्या चाळीतला पोरगा बापाचा पाय मोडला म्हणून शाळेतून जो उठतो, त्याची सात वर्षं गोडाऊनमधे कधी गेली हे त्यालाही कळत नाही. पूर्वी अशा पोराला गळती म्हणायचे. आता कॉलेजातून वर्षभरात उठला तर हातात सर्टिफिकेट देतात. सन्मानानं बाहेर.

आता माझा हिशोब. मी गोदीवर कंत्राटी. आठ तासांची पाळी, महिन्याला सव्वीस दिवस. वर्षाचे २४९६ तास. तीसनं भागा, ८३ क्रेडिट. तीन वर्षांच्या पदवीला १२० लागतात. म्हणजे दीड वर्ष गोदी केली की बी.ए.! हसू नका. आराखड्यातच लिहिलंय की कामाच्या अनुभवालाही वजन आहे. फक्त कुणीतरी तो तपासून मोजला पाहिजे. कोण मोजणार? मुकादमाच्या वहीत माझं पूर्ण नावसुद्धा नाही. जहाजाच्या पोटात माल कसा रचायचा, तोल कुठं जातो, क्रेनवाल्याला हातानं काय खूण करायची, हे ज्ञान नाही का? मला ओझ्याची पदवी नको. पण तास हेच माप असेल तर पहाटे मार्केटात भाजीच्या पाट्या उचलून अकराच्या शाळेत येणाऱ्या नववीच्या पोराचे तासही मोजा. नाहीतर मापाच्या गप्पा बंद करा.

आपल्यातले काही दोस्त म्हणतात, हे सगळं भांडवलशाहीचं नाटक, बहिष्कार टाका. मला पटत नाही. दार जरा किलकिलं झालं की आपण पाठ फिरवायची आणि आत शिरणारे शिरतात, हे किती दिवस? १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. घड्याळ कामगाराकडं बघून लावलं होतं. तसंच मागायचं. शिष्यवृत्ती नववीपासून, फीसकट. सात वर्षांची अट काढा. महापालिकेच्या शाळेतून जवळच्या कॉलेजच्या लॅबमधे जायला शनिवारची सोय करा. आणि अनुभव मोजणारा माणूस गोदीवर, नाक्यावर, गोडाऊनवर पाठवा.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. आयआयटी मद्रासनं २०२० साली ऑनलाईन पदवी सुरू केली. अकरावीची परीक्षा दिलेल्या पोराला तिच्या पात्रता परीक्षेला बसता येतं, पास झाला तर बारावीनंतर प्रवेश. आपल्या पोरांना फीत मोठी सूट आहे. टॉवरमधे हे घराघरात माहीत आहे, वस्तीत कुणी सांगितलं? रविवारी विहारात बसू. नववी ते बारावीच्या पोरांचे दाखले, आधार, शाळेतलं नाव ताडून बघू. अपार नंबरासाठी सगळीकडे नाव एकच लागतं, आणि एका वेलांटीवरून पोरं अडतात. अठराच्या खालच्यांना पालकाची सही लागते, तेव्हा आईला बरोबर आणा. सही येत नसेल तर अंगठा चालेल का, ते शाळेत आधी विचारून ठेवा.