रुग्ण इथले, पुरावा उसना

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. जालना, गडचिरोली, वाशीम यांच्याबरोबर त्यांत हिंगोलीही होती. १ मे १९९९ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. पाव शतकात त्याला स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, याचा आनंद कोणालाही व्हावा. पण या आनंदातही एक वाक्य हटकून कानावर येते. ते बोलणारी माणसे वाईट नाहीत, जिल्ह्याचे भले चिंतणारी आहेत, म्हणूनच त्याचा समाचार घेणे भाग आहे. 'हिंगोलीला डॉक्टर हवेत, औषधे हवीत, रक्त हवे. संशोधनाचे काय ते मुंबई-पुणेवाले बघतील.'

हे म्हणणे मला मुळातच चुकीचे वाटते. त्यात असे गृहीत धरले आहे की उपचार वेगळे आणि संशोधन वेगळे. पहिले गरिबाच्या गरजेचे आणि दुसरे पोट भरल्यावर सुचणारे. रुग्णांवरचे संशोधन म्हणजे तरी काय? डॉक्टर जे करतो त्याने खरोखर गुण येतो का, किती जणांना येतो, कोणाला उलट अपाय होतो, हे आधी ठरवून, मोजून, लिहून पाहणे. ज्या दवाखान्यात हे मोजणे नाही तिथे उपचार चालतात, पण ते लागू पडतात की नाही हे त्या दवाखान्यालाच ठाऊक नसते.

'आमचा अनुभव आहे ना,' असे यावर उत्तर मिळते. वीस वर्षे हेच औषध देतोय, माणसे बरी होतात. अनुभवाची किंमत मी कमी लेखत नाही. पण हिंगोलीतला अनुभव कसा साचतो ते पाहावे. सेनगाव किंवा कळमनुरीकडून आलेला रुग्ण हाताबाहेर जाऊ लागला की त्याला नांदेडला पाठवतात. तो तिथे वाचला की वाटेतच गेला, हे पाठवणाऱ्या डॉक्टरला बहुतेक वेळा कळत नाही. जो बरा होतो तो पुढच्या आठवड्यात हसत दाखवायला येतो. जो दगावतो तो परत येत नाही. डॉक्टरच्या मनातला हिशेब अशा रीतीने फक्त परत आलेल्यांचा उरतो. हा डॉक्टरचा दोष नव्हे. पाठपुरावा ठेवायचा असे कोणी ठरवलेच नाही, त्याचा हा परिणाम.

आणि अनुभवी माणसांत एकमत तरी कुठे असते? तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी वरून लागत नसतील, तरी पहिल्याच शस्त्रक्रियेत त्या काढाव्यात, की पुढे दिसल्या तरच काढाव्यात, यावर जगभरातले शल्यविशारद कित्येक दशके भांडत होते. दोन्हीकडे दांडगा अनुभव होता. निकाल लागला तो मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी केली आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा ठेवला. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : आधीच गाठी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते, वाट पाहिलेल्यांत ६७.५ टक्के. म्हणजे शंभरामागे बारा-तेरा माणसांचा फरक. एवढी माणसे अनुभवी हातांखालून जात होती आणि कोणाच्या लक्षात येत नव्हते, कारण एकट्या सर्जनच्या आठवणीत असा फरक दिसतच नाही.

आता दुसरा आक्षेप. मोठी यंत्रे, मोठा निधी, प्रयोगशाळा यांच्याशिवाय संशोधन होत नाही, मग जिल्ह्याला ते कसे झेपणार? याचे उत्तर मराठवाड्यानेच दिलेले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि लहान मुले तिथे डोळ्यांदेखत जात होती : दरदरून घाम, थंड पडलेले हातपाय, मग खोकला, तोंडाला फेस, फुफ्फुसात पाणी. पुस्तकांत यावर धड काही नव्हते. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी बसून तासातासाला रक्तदाब, नाडी, श्वास लिहून ठेवला. त्यांचे निरीक्षण १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे ध्यानात घेऊन त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त, तोंडाने घ्यायचे औषध वापरून पाहिले. फुफ्फुसात पाणी झालेल्यांपैकी पूर्वी पंचवीस-तीस टक्के दगावत, ते प्रमाण अगदी थोड्यावर आले. आज देशभर विंचूदंशावर जे उपचार होतात त्यांचा पाया त्या आरोग्य केंद्रातला आहे.

मला या माणसाबद्दल खरा आदर वाटतो तो पुढच्या प्रकरणामुळे. प्राझोसिनने नाव झाले, तेवढ्यावर ते थांबले असते तर कोणी बोट ठेवले नसते. पण विंचवाच्या विषावरची लस उपलब्ध झाल्यावर त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडच्या आपल्या छोट्या दवाखान्यात ७० रुग्णांची चाचणी घेतली : ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन अधिक लस. दहा तासांत पहिल्या गटातले ८ पूर्ण सावरले, दुसऱ्यातले ३२. २०११ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. ज्या औषधावर आयुष्यभराची कीर्ती उभी, ते एकटे पुरेसे नाही, हे त्यांनी स्वतःच मोजून सिद्ध केले. त्यासाठी लागले काय? घड्याळ, रक्तदाबाचे यंत्र, केसपेपर, आणि आपण चुकत असू शकतो हे मानण्याची तयारी.

गडचिरोलीचे उदाहरण तर हिंगोलीतल्या प्रत्येक गावात रोज चालते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले, दुसरी ४७ गावे तुलनेला ठेवली, आणि १९९९ साली दाखवून दिले की नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी होतात. २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचे वजन करते, ताप बघते, ती पद्धत इथून निघाली. औंढ्याच्या एखाद्या तांड्यावर पोचलेली आशाताई हातात एका संशोधनाचे फळ घेऊन जाते. ते संशोधन कोण्या मोठ्या शहरात झालेच नसते, कारण तिथे तो प्रश्नच त्या रूपात नव्हता.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला मी हलक्यात घेणार नाही. 'गरिबांवर प्रयोग कराल. आमची माणसे काय उंदीर आहेत?' ही भीती हवेतून आलेली नाही. खम्मम आणि वडोदरा जिल्ह्यांतला, गर्भाशयमुखाचा कर्करोग रोखणाऱ्या एचपीव्ही लसीचा प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. खम्मममध्ये वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डनांच्या सह्या होत्या. संसदीय समितीने २०१३ साली त्यावर कडक ताशेरे ओढले. मराठवाड्यातलेच पाहायचे तर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव. १९९९पासून तिथे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आयुष्यात एकदा एचपीव्हीची तपासणी झाली, तर मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली त्यातून जगाला कळले. तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. गट जवळपास सारखेच मोठे होते.

त्या ६४ बायकांचे काय, हा प्रश्न जगभर विचारला गेला, आणि तो रास्त आहे. 'एरवी तरी त्यांना कोण तपासत होते?' हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. सरकारने दिले नाही म्हणून संशोधकानेही न दिले तरी चालेल, हे माझ्या न्यायात बसत नाही. पण यातून 'संशोधनच नको' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना एवढेच विचारतो : तपासणी नसलेल्या गटातले ते मृत्यू आपल्याला दिसले कशामुळे? कोणीतरी मोजत होते म्हणून. हिंगोलीत त्याच वर्षांत त्याच आजाराने किती बायका गेल्या हे कुठल्या वहीत आहे? नकळत मरणाऱ्याला कोणी उंदीर म्हणत नाही, पण त्याचे मरण त्यामुळे कमी अन्यायाचे ठरत नाही. अजमावलेले नाही असे औषध नोंदीशिवाय, संमतीशिवाय रोज देत राहणे हाही प्रयोगच, फक्त त्यातून कोणी काही शिकत नाही.

भीतीवरचा उपाय नियमात आहे. औषधांच्या चाचण्यांबाबतच्या २०१९च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीत किमान सात माणसे, त्यांत निदान एक स्त्री, एक सामान्य नागरिक, एक कायदा जाणणारा. निम्मे सदस्य तरी संस्थेबाहेरचे. औषधाच्या चाचणीत इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई. प्रत्येक चाचणीची राष्ट्रीय नोंदवहीत आगाऊ नोंद, म्हणजे वाईट निकाल दडपणे अवघड होते. हिंगोलीच्या समितीवर वसमतची शेतकरीण आणि कळमनुरीचा आदिवासी शिक्षक बसावा, आणि संमतीपत्र त्यांना वाचून कळले तरच पुढे जावे. बाहेरून कोणी येऊन आमच्यावर प्रयोग करण्याची वेळ येते, कारण आमच्याकडे स्वतःचे प्रश्न स्वतः विचारणारी आणि परक्याला 'नाही' म्हणणारी समितीच नसते.

पदोन्नतीसाठी पाडलेल्या पेपरांचा मुद्दा थोडक्यात. तो खरा आहे. पैसे भरून कुठेही छापलेला पेपर म्हणजे संशोधन नव्हे. पण दुसरी बाजू अशी की डॉ. समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांतून एकही शोधनिबंध निघाला नव्हता. नवे महाविद्यालय या यादीत बसवायचे आहे का?

आता हिंगोलीने काय शोधावे, ते सांगतो. सर्पदंशाची लस मुख्यतः तमिळनाडूत पकडलेल्या सापांच्या विषापासून बनते, आणि एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे आता सिद्ध आहे. मग सोयाबीनच्या आणि हळदीच्या रानात चावलेल्या सापाला ती किती लागू पडते, किती बाटल्या लागतात? हे चेन्नईत कळणार नाही. दातांच्या ओपीडीत या. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण पुडी मिळते. सुपारीने गाल आतून ताठर होतात, उभी तीन बोटे जावीत तिथे एक जाईना, तिखट सोसवेना, आणि पुढे कर्करोगाची टांगती भीती. राज्यात २०१६-१७च्या पाहणीत जवळपास चौथा हिस्सा प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. दंतवैद्याने प्रत्येक तरुणाच्या तोंडाची उघड मिलिमीटरमध्ये लिहायला सुरुवात केली, तरी पाच वर्षांत जिल्ह्याला मोलाचा ऐवज मिळेल.

आणि गाल ताठर करणाऱ्या याच आजारावर हळदीतल्या कुर्क्युमिनच्या चाचण्या ठिकठिकाणच्या दंत महाविद्यालयांत झाल्या आहेत. रुग्ण थोडे, मुदत थोडी, मोजमाप वेगवेगळे; त्यामुळे ठाम काही म्हणता येत नाही. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. जखमेवरच्या हळदीचे अमेरिकी पेटंट १९९७ साली डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने रद्द करवून घेतले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण हळद सगळ्यावर चालते असे म्हणणाऱ्यांनाही पुराव्याची तेवढीच गरज आहे. हळद पिकवणाऱ्या जिल्ह्यात तिची नेटकी, मोठी चाचणी व्हावी. गुण आला तर जगाला सांगू, नाही आला तरी सांगू.

औंढा नागनाथजवळ २,६०० कोटी रुपये खर्चून गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ साली तिला मंजुरी मिळाली तेव्हा 'हिंगोलीला हे काय करायचे' असे कोणी म्हटले नाही, आणि ते बरोबरच झाले. मग त्याच तालुक्यातल्या माणसाच्या छातीतली घरघर, तोंडातला ताठरपणा आणि पायावरचा सर्पदंश अभ्यासायला आपण का कचरतो?

महाविद्यालयाच्या अध्यापकांना विनंती आहे : पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडण्याआधी विंचूदंश-सर्पदंशाची एक आणि तोंडाच्या आजारांची एक अशा दोन नोंदवह्या सुरू करा. नांदेडला पाठवलेल्या प्रत्येक रुग्णाचे पुढे काय झाले ते फोन करून विचारा, आणि वर्षाकाठी निघालेला हिशेब मराठीत ग्रामसभांपुढे ठेवा. वाचकांनो, उद्या ओपीडीत एखादा तरुण डॉक्टर संमतीपत्र घेऊन तुमच्यासमोर आला, तर ते पूर्ण वाचून घ्या. नाही म्हटले तर उपचारांत फरक पडेल का, इजा झाली तर खर्च कोणाचा, निकाल मला कळणार का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे पटली नाहीत तर सही करू नका. पटली तर जरूर करा.