बस थांबली, तुम्ही थांबाल काय?

हैदराबादेच्या उत्तरेस, मेदक जिल्ह्यातील मासाईपेट येथे २४ जुलै २०१४ रोजी सकाळी नांदेडहून सिकंदराबादकडे निघालेल्या पॅसेंजर गाडीने शाळेच्या बसला धडक दिली. डझनाहून अधिक बालके आणि बसचा चालक गतप्राण झाले. तेथे ना फाटक होते, ना पहारेकरी. मराठवाड्यातील असंख्य कुटुंबे ज्या लोहमार्गाने हैदराबादेस ये-जा करतात, त्याच मार्गावर सांडलेले हे रक्त परक्यांचे म्हणून आम्ही डोळे मिटावेत काय?

पुढे एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरजवळ तशाच ठिकाणी आणखी १३ मुले गेली. तेव्हा कुठे चक्रे वेगाने फिरली आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेज मार्गांवरील बिनपहाऱ्याची क्रॉसिंगे नाहीशी झाली. मनात आणले म्हणजे होते तर!

पण रस्त्याचे काय? दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळल्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली अशा बसगाड्यांना पिवळा रंग, पुढेमागे ठळक अक्षरे, ताशी ४० किलोमीटरचा वेगनियंत्रक आणि सोबत मदतनीस अशी बंधने घातली. ती योग्यच होती. परंतु ही सारी बंधने बसवर! मागून येणाऱ्या मोटारवाल्याने काय करावे, हे त्याच्या अंगी कोणी बाणवले? इशारा पाहून थांबावयाचे वळणच नसेल, तर तो पिवळा रंग निव्वळ रंगच राहतो.

अमेरिकेत १९३९ साली हा रंग ठरला. तेथे मूल चढू-उतरू लागले की बसवरील तांबडे दिवे लुकलुकतात, बाजूने 'थांबा' असे लिहिलेला हात बाहेर येतो, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर दोन्ही दिशांची वाहने जागच्या जागी उभी राहतात. न राहणाऱ्यास दंड होतो. आम्ही रंग तेवढा उचलला, शिस्त मात्र तिकडेच ठेवली! येथे बस उभी राहिली की मागचा कर्णा वाजवतो, आणि दुचाकीवाला तर डाव्या अंगाने घुसतो. म्हणजे नेमका ज्या दाराने पोर उतरते त्याच अंगाने.

आगगाडीला क्षणात थांबता येत नाही. मोटारीला येते. तेव्हा तेलंगण व महाराष्ट्र, दोन्ही सरकारांनी शाळेच्या प्रत्येक बसला असे दिवे व असा हात बसवावा आणि मुले उतरत असता तिला ओलांडणाऱ्याचा परवाना काढून घ्यावा. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी हे झालेच पाहिजे.