चांगली ताटली कोणासाठी?

आपल्या बहुतेक घरांत चिनी मातीचा चांगला सेट काचेच्या कपाटात असतो. ईदला किंवा पाहुणे आले की तो दस्तरखानावर येतो. एरवी घरच्यांच्या वाट्याला टवका उडालेल्या बश्या!

अमेरिकेत एडिथ हीथ यांनी भांडी घडवली ती मात्र रोजच्या जेवणासाठी. 1911 साली आयोवा राज्यातल्या एका डॅनिश कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1948 मध्ये कॅलिफोर्नियातील सॉसालिटो गावी त्यांनी कारखाना काढला. पांढरी, पातळ, सोनेरी काठाची भांडी तेव्हा प्रतिष्ठेची समजत. एडिथ यांनी पांढरी माती नाकारून कॅलिफोर्नियातलीच गडद माती निवडली. चिनी मातीची भांडी सहसा दोनदा भाजतात. त्यांनी एकदाच, तुलनेने कमी आचेवर भाजण्याची रीत बसवली. इंधन वाचले आणि भांडेही टणक निघाले. काही ताटल्यांच्या काठावरची झिलई पुसलेली असे, म्हणजे भाजलेल्या मातीचा तपकिरी रंग उघडा दिसे. वेलबुट्टी नाही, सोने नाही. तरी 1948 चे ते आकार आजही बनतात, कारण ते वापरायला सोयीचे आहेत.

त्यासाठी नवी खरेदी नको. भगिनींनो, कपाटातल्या चार ताटल्या आज रात्रीच बाहेर काढा. एखादी फुटली तर फुटली. पाहुण्यांचा मान राहीलच. पण सगळ्यांना वाढून शेवटी जेवायला बसणारीच्या पुढ्यातही चांगली ताटली येऊ द्या.