विंदालू व बटाटा

‘विंदालू’ या नांवाच्या शेवटीं ‘आलू’ दिसतो. तेव्हां त्यांत बटाटा असलाच पाहिजे, असा समज गोव्याबाहेर इतका दृढ झाला आहे कीं, पुष्कळ उपाहारगृहांत बटाट्याच्या फोडींवांचून हें कालवण पानांत येतच नाहीं. हा समज निराधार तर आहेच. शिवाय त्यामुळें एका उत्तम पदार्थाची हानि होत आहे, असें आमचें मत आहे.

बटाट्यास ‘आलू’ म्हणतात तें उत्तरेकडे. गोमंतकांत त्यास ‘बटाट’ म्हणतात, आणि तोही शब्द मूळचा पोर्तुगीजच. विंदालूंतील ‘आलू’ हा त्या भाषेंतील ‘आल्यु’, म्हणजे लसूण, होय. आरंभींचा ‘विं’ द्राक्षासवाचा. द्राक्षासवांत व लसणींत मुरविलेलें डुकराचें मांस हा पोर्तुगीजांचा मूळ पदार्थ. १५१० सालीं गोवें त्यांच्या हातीं गेलें. पुढें येथील स्वयंपाक्यांनीं द्राक्षासवाच्या जागीं माडाच्या सुरेचा शिरका योजिला, आणि अमेरिकेंतून समुद्रमार्गें आलेली मिरची त्यांत वाटली.

शिरका हाच या पदार्थाचा प्राण. लाल मिरच्या, लसूण, आलें, जिरें, मिरीं, दालचिनी व लवंगा शिरक्यांतच वाटून तो मसाला मांसास चोळावयाचा व रात्रभर मुरूं द्यावयाचा. आम्लामुळें मांस टिकतें, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं त्याची रुचि अधिकच चढते. आम्लांत बटाटा मात्र लवकर मऊ होत नाहीं. म्हणून तो निराळा उकडून घालावा लागतो, आणि मग सारा आंबटपणा पिऊन बसतो. ज्याला त्या भांड्यांत सुखानें शिजतांही येत नाहीं, त्यास तेथें बोलाविलें कोणीं?

इंग्लंडांत तर निराळीच तऱ्हा. तेथील हॉटेलांत विंदालू हें केवळ तिखटपणाचें माप होऊन बसलें. १९९८ सालीं फुटबॉलच्या विश्वचषकाच्या वेळीं त्या नांवाचें एक गाणेंही गाजलें. शिरक्याची चौकशी कोणी करीत नाहीं.

कोणी म्हणेल, पदार्थ परकीयांचा, मग एवढा आग्रह कशास? परंतु मिरचीही परदेशांतूनच आली, आणि ती आपली नव्हे असें कोणती गृहिणी म्हणेल? प्रश्न चवीचा आहे, आणि एका धंद्याचाही. माडावर चढून सूर काढणारे रेंदेर गोव्यांत दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांच्या सुरेचा शिरका जाऊन सर्वत्र बाटलींतील कृत्रिम शिरका आला, तर बटाटा वगळूनही विंदालू उरणार नाहीं. ज्यांस बटाटाच हवा, त्यांनीं त्याची भाजी निराळी करावी; ती आम्हांसही आवडते.